खाली कुणाचं शेत आहे

शिवसागरात फिरायला आलेला माणूस बोटीत बसला की पाच मिनिटांत एक प्रश्न हमखास विचारतो, "इथं पाणी किती खोल असेल हो?" आमच्याकडचे जुने बोटवाले त्याचं उत्तर फुटांत देत नाहीत. "हितं व्हय? हितं खाली चुलत्याचं वरलं खाचर हाय. फार न्हाई. त्या तिकडं मातूर नदी हाय, तिथलं नका इचारू." पाहुण्याला वाटतं, हा गंमत करतोय. चहूकडं सगळं एकच निळं पाणी, त्यात नदी वेगळी कुठली? पण बोटवाला खरंच बोलत असतो. त्याच्या डोक्यात ती दरी अजून कोरडी आहे. ओढा कुठं, बांध कुठं, आंब्याचं झाड कुठं होतं, देवळाची टेकडी कुठं, हे त्याला पाठ आहे, आणि बोट तो त्या पाठांतरावर चालवतो. ज्यानं ती दरी स्वतः पाहिली नाही त्यानं बापाकडून ऐकलीय. माझ्यासारखी पाणी भरल्यावर जन्मलेली माणसंसुद्धा "नदीच्या पल्याड" असंच म्हणतात, तळ्याच्या पल्याड म्हणत नाहीत.

कोयना महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते आणि लगेच पूर्वेकडं न धावता सह्याद्रीची धार धरून सरळ दक्षिणेला वाहते. हेळवाकला ती जवळजवळ काटकोनात पूर्वेला वळते आणि पुढं कराडला कृष्णेला भेटते. त्या वळणाशी, देशमुखवाडीजवळ, धरणाची भिंत उभी राहिली. उंची १०३ मीटर, लांबी आठशे मीटरच्या थोडी वर. १९६२ च्या सुमाराला पाणी अडायला लागलं. भिंतीच्या मागं दोन डोंगरांमधली अरुंद, लांबलचक दरी भरत गेली. त्यामुळे आमचा जलाशय गोल तळ्यासारखा नाही. तो पन्नासएक किलोमीटर लांब पसरलेला आहे, आणि जिथं जिथं ओढा किंवा उपनदी मिळत होती तिथं तिथं त्याची एकेक फांदी डोंगरात शिरलेली आहे. तापोळ्याला सोळशीचं पाणी येऊन मिळतं, पश्चिमेच्या अंगाला कांदाटीचं खोरं आत जातं. सुरुवातीला धरणात ९८.७८ टीएमसी पाणी मावत होतं, पुढं दरवाज्यांची उंची वाढवल्यावर ते १०५.२५ झालं. हे आकडे आमच्याकडं पावसाळ्यात शेंबडं पोरही सांगतं. पाणीपातळी २१६३ फुटांवर गेली म्हणजे धरण भरलं.

शंभराच्या आसपास गावं या पाण्यानं उठवली. पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात झाला १९७६ साली, म्हणजे आमच्या खोऱ्यात पाणी शिरल्याला तोवर चौदा वर्षं होऊन गेलेली. कुणी सांगलीकडं, सोलापूरकडं गेले, कुणी रायगड-ठाण्याकडं. आणि बरीच माणसं कुठंच गेली नाहीत. पाणी जसं वर चढलं तशी ती घराचे वासे, कौलं, देव आणि जाती उचलून डोंगराच्या अंगानं वर सरकली. आमचं घर त्यातलंच. आबा सांगायचे, "भित हेळवाकला बांधत्यात, पाणी हितवर कशाला येतंय, असं समदी म्हणत हुती." पाणी आलं तेव्हा उभी नाचणी होती. वर बांधलेल्या नव्या घराच्या भिंती सुकून पाचसहा वर्षं होतात न होतात तोच ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला आणि त्या पुन्हा बांधाव्या लागल्या.

आता यातली एक गोष्ट फिरायला येणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही, आणि माझ्या मते तीच सगळ्यांत महत्त्वाची आहे. आम्ही नावाडी लोक नव्हतो. कोकणातल्या खाडीकाठच्या माणसाला होडी वाडवडिलांपासून ठाऊक असते. आमच्या दरीतली माणसं डोंगर उतारावर नाचणी-वरी करणारी, खाली खाचरात भात लावणारी, म्हसरं राखणारी. नदी म्हणजे उन्हाळ्यात दगडांवरून उड्या मारत ओलांडायची आणि पावसाळ्यात जिच्या वाटेला जायचं नाही अशी. फारच नड असली तर वाळक्या भोपळ्यांची सांगड कमरेला बांधून कुणी धाडसी गडी पलीकडं जायचा. अशा माणसांच्या दारात एकाएकी किलोमीटरभर रुंद पाणी येऊन थांबलं. पलीकडं लेक दिलेली, अलीकडं बाजार. बोटीची विद्या आमच्याकडं त्या गरजेतून आली आणि तिचं वय साठीच्या फार पुढं नाही. म्हणून शब्दही जमिनीवरचेच राहिले. लाँचला कुणी लाँच म्हणत नसे, "गाडी" म्हणत. गाडी लागली, गाडी गेली. चालवणारा डायवर. पाण्यातला पंखा आणि विहिरीवर पाणी ओढणारं डिझेलचं इंजिन यांची सांगड घालून पहिल्या खाजगी बोटी झाल्या, त्या दुरुस्त करणारा मेस्त्रीही शेतीपंपाचाच.

सरकारी लाँच ठरल्या वेळी यायची, निदान तशी पाटी होती. माझं पाचवीच्या पुढचं शिक्षण त्या लाँचवर झालं असं म्हटलं तरी चालेल. त्या लाँचवर काय नसायचं! रेशनची पोती, शेळ्या, कोंबड्यांच्या टोपल्या, पत्रे, सिमेंट, मुंबईहून माथाडी कामावरून गणपतीला आलेले चाकरमानी आणि त्यांच्या ट्रंका. लग्नसराईत वऱ्हाड वाजंत्र्यांसकट चढायचं. नवरदेवाला डोक्यावर बाशिंग बांधून पाण्यावरून येताना बघणं ही आमच्याकडं नवलाची गोष्ट नव्हती. मयतही याच लाँचनं आणलेलं मी पाहिलंय. मुंबईत वारलेला माणूस गावाला आणायचा म्हणजे शेवटचा पल्ला पाण्याचाच. तेव्हा लाँचमध्ये कुणी बसायचं नाही, उभ्यानं जायचं नाही असंही नाही, पण बोलायचं नाही. इंजिनाचा आवाज तेवढा.

या ये-जा करण्यातून काही रीती पडल्या. कुणी लिहून ठेवल्या नाहीत. जड सामान मध्ये, माणसं दोन्ही अंगांना सारखी. शेळीचा दावा आपल्या हातात धरायचा, बोटीला बांधायचा नाही, कारण बोटीला काही झालं तर बांधलेलं जनावर जातं. चढताना म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या आधी, उतरताना तरणी पोरं आधी, म्हणजे हात द्यायला खाली कुणीतरी असतं. आजारी माणूस किंवा अडलेली बाई घेऊन बोट येतेय असं दिसलं की धक्क्याला लागलेल्या बाकीच्या बोटी आपणहून दोर सोडून मागं सरायच्या, मग त्यांत कुणी का बसलेलं असेना. आणि सगळ्यांत मोठी रीत म्हणजे हात केला की वळायचं. काठावर उभा राहून कुणी टॉवेल हलवला, लुगड्याचा पदर हलवला, तर बोट त्या बाजूला वळलीच पाहिजे. कारण तिथं रस्ता नव्हता. ही बोट चुकली तर त्या माणसाला रात्र तिथंच काढायला लागणार, आणि रान जवळ.

पर्यटन आलं ते दोन वाटांनी. महाबळेश्वरला आलेले लोक पाऊण-एक तासाचा घाट उतरून तापोळ्याला यायला लागले. गाडीवाल्यांनी त्याला "मिनी काश्मीर" हे नाव चिकटवलं, ते काही मला आवडत नाही, पण चिकटलं ते चिकटलं. दुसरी वाट साताऱ्याहून कासवरून बामणोलीची. या वाटेनं आधी वासोट्याला जाणारे गिरीभ्रमणवाले आले. वासोट्याचा किल्ला पार पश्चिमेच्या रानात, पायथ्याला मेट इंदवली. एके काळी या जावळीच्या खोऱ्याची ख्यातीच अशी की आत शिरलेला माणूस बाहेर येईल याची खात्री नाही. १६५६ साली शिवाजीमहाराजांनी मोऱ्यांकडून जावळी घेतली तेव्हाची ती दाट रानं. १८१८ मध्ये इंग्रजांनी वासोटा घेतला तो समोरच्या जुन्या वासोट्यावरून तोफांचा मारा करून. आता बामणोलीहून सव्वा-दीड तास बोटीत बसलं की माणूस किल्ल्याच्या पायथ्याला उतरतो. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारसा ठरवलं, त्यात कास आणि कोयना अभयारण्यही आलं, आणि फुलांच्या दिवसांत कासवर आलेली गर्दी पुढं बामणोलीला उतरून पाण्यावर यायला लागली.

मुंबईला गेलेल्या पोरांपैकी काहींना यात परत येण्याची वाट दिसली. कर्ज काढून, बायकोचं डोरलं ठेवून बोटी घेतल्या. पहिल्या दिवसांत धक्क्यावर ओढाताण व्हायची. पाहुण्याच्या हाताला धरून दोन बाजूंना ओढणारे सख्खे चुलतभाऊ मी पाहिलेत. मग बोटक्लब झाले आणि पाळीची पद्धत आली. ज्याचा नंबर त्याची बोट. भाडं माणशी नाही, बोटीचं आणि ठिकाणाचं. पाहुण्यांना कधी कधी हे पटत नाही. "आम्हाला ती निळी बोट पाहिजे, तिला छप्पर आहे," म्हणून हुज्जत घालतात. निळी बोट त्यांना मिळत नाही, मिळू नये. एकदा पाळी मोडली की कुणाच्या तरी घरची त्या दिवसाची चूल थंड राहते, आणि दुसऱ्या दिवशीपासून धक्क्यावर पुन्हा ओढाताण. घासाघीस करायचीच तर ती क्लबच्या टेबलापाशी, बोटवाल्याशी पाण्याच्या मध्यावर नाही. तिथं त्याचं लक्ष तुमच्या पैशांवर नको, पाण्यावर पाहिजे.

पाण्याचं बघायचं म्हणजे पातळीचं बघायचं. फिरायला येणाऱ्याला वाटतं, जलाशय म्हणजे कायम एवढाच. श्रावण-भाद्रपदात तो काठोकाठ असतो, हिरव्या गवताला पाणी टेकलेलं. नंतर दर आठवड्याला तो खाली उतरत जातो. यातलं बरंचसं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांनी पोफळीच्या अंगाला कोकणात उतरतं, वीज करतं आणि वाशिष्ठीतून चिपळूणवरून समुद्राला मिळतं. बाकीचं भिंतीखालून कराड-सांगलीकडं. उन्हाळ्यात मुंबईला पंखे फिरायला लागले की आमचा काठ मागं सरतो, असं आबा म्हणायचे, आणि ते शब्दशः खरं आहे. १९९९ साली या जलाशयाच्या तळाला खालून बोगदा खणत आणून शेवटचा खडक स्फोटानं उडवला, ते लेक टॅपिंग. २०१२ मध्ये पुन्हा एकदा. त्यामुळे खालच्या पातळीचं पाणीही विजेला घेता येतं.

बोटवाल्याच्या दृष्टीनं याचा अर्थ असा की त्याचा धक्का चालतो. ऑक्टोबरात जिथं बोट लागते तिथून मे महिन्यात दोन-चार शेतं खाली उतरून जावं लागतं. वर वाळलेला, भेगाळलेला गाळ, खाली ओला. पांढरे बूट घालून आलेली माणसं त्यात घोट्यापर्यंत रुततात आणि चिडतात. चिडण्याचं कारण नाही. काठावर सिमेंटचा जिना बांधून द्यायचा तरी कुठं, पाणी रोज जागा बदलतं. अनवाणी चाला, नाहीतर जुन्या चपला आणा, आणि बोटवाला जिथं पाय ठेवील तिथंच ठेवा. तो बांधावरून चालत असतो. खरोखरचा बांध, दगडी, आमच्याच कुणाच्या आज्यानं रचलेला. साठ वर्षं वर्षातले आठ-नऊ महिने पाण्यात राहून अजून तो ढळलेला नाही.

पाणी उतरलं की दुसरं संकट बुंध्यांचं. दरी भरली तेव्हा सगळी झाडं तोडली गेली नव्हती. पाण्यातलं लाकूड लवकर कुजत नाही, ते काळं आणि दगडासारखं टणक होतं. भर पाण्यात ही खोडं खोल असतात, त्यांचा त्रास नाही. पाणी अर्ध्यावर आलं की ती वर यायला लागतात, आणि वर आलेल्या खोडापेक्षा वीतभर पाण्याखाली राहिलेलं खोड वाईट. पंखा तुटतो, नाहीतर बोटीची फळी फुटते. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये बोटवाला तुम्हाला काठाकाठानं नेत नाही, सरळ दिसणारी वाट सोडून मधून वळसा घेतो. लोकांना वाटतं, डिझेल जाळून भाडं वाढवतोय. तो जुन्या नदीवर बोट ठेवत असतो, कारण नदीच्या पात्रात झाड नव्हतं. "चल की सरळ," असं म्हणून त्याच्या मागं लागू नये.

वाऱ्याचंही तसंच. सकाळी पाणी आरशासारखं असतं, अकरा-बाराच्या पुढं वारा उठतो. दरी अरुंद आणि लांब, त्यामुळे वारा नळीतून यावा तसा येतो आणि त्याला लाट करायला लांबच लांब पाणी मिळतं. उन्हाळ्यात वळवाचं आभाळ भरून आलं तर अर्ध्या तासात पाण्याचा रंग पालटतो. अशा वेळी बोटवाला लाट आडवी घेत नाही, तिरकी कापत जातो, किंवा जवळच्या एखाद्या फांदीत शिरून वारा पडेपर्यंत थांबतो. थांबला की थांबायचं. संध्याकाळची गाडी चुकेल म्हणून घाई करणाऱ्यांनी उजनीची गोष्ट आठवावी. २०२४ च्या मे महिन्यात भीमेच्या त्या फुगवट्यात कुगावहून कळाशीला जाणारी प्रवाशांची बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसं बुडाली. ती काही सहलीची माणसं नव्हती. आमच्यासारखीच, नदी पलीकडं जायला दुसरी जवळची वाट नसलेली.

आणि उभं राहणं. हे सांगून बोटवाल्यांचे घसे बसलेत. फोटोसाठी एक जण उठतो, त्याला धरायला दुसरा, मग "सगळे एका बाजूला या" अशी हाक येते. २००९ साली केरळात थेक्कडीच्या तलावात दुमजली बोट कलंडून ४५ माणसं गेली. काठावरची जनावरं बघायला प्रवासी एका अंगाला सरकले होते, असं तेव्हा छापून आलं होतं. आमच्या अभयारण्याच्या काठालाही गवे उतरतात. गवा दिसला की बोट कलते, ही आमच्याकडची रोजची भीती आहे. आमच्या भावकीतल्या एका बोटवाल्याची यावर एक तऱ्हा आहे. कुणी उभं राहिलं की तो ओरडत नाही. इंजिन बंद करतो, हात मांडीवर ठेवतो आणि डोंगराकडं बघत बसतो. बोट पाण्यावर नुसती डुलत राहते. दोन मिनिटं कुणाला कळत नाही काय झालं. मग एकेक जण खाली बसतो. सगळे बसले की तो काही न बोलता इंजिन चालू करतो.

लाइफ जॅकेटचंही एक सांगतो. जॅकेट मळकं असतं, त्याला वास येतो, हे कबूल. पण ते मांडीवर ठेवून, किंवा बसायला घेऊन उपयोग नाही. छातीशी पट्टा आवळून बांधायचं. मुलांना मुलांच्या मापाचं मागून घ्यायचं, मोठं जॅकेट पाण्यात मुलाच्या डोक्यावरून निघून जातं. बोटवाल्याकडं पुरेशी जॅकेटं नसतील तर त्या बोटीत बसू नका. हे आमच्याच माणसांच्या पोटावर येणारं बोलणं आहे, तरी लिहितो. अशा बोटींसाठी देशात फार वर्षं १९१७ चा कायदा होता, २०२१ मध्ये नवा अंतर्देशीय जलयान कायदा आला. नोंदणी, तपासणी, चालकाची परीक्षा, सगळं कागदावर आहे. कागद तपासायला माणूस रोज धक्क्यावर नसतो. तुमचा जीव तपासायला तुम्ही असता.

पाण्यावर समोरून बोट आली की दोघांनीही आपापल्या उजवीकडं व्हायचं, हा सगळीकडचा नियम आमच्या डायवरांनीही उचलला. पण आमचे खरे वाद वेगाचे आहेत. काठाला बाया धुणं धुवत असतात, पोरं म्हसरं धूत असतात. जोरात गेलेल्या बोटीची लाट मागून काठाला येऊन आदळते, धुतलेलं पातळ गाळात जातं, एखादं लहान मूल पडतं. मासेमारीच्या जाळ्यांना बांधलेले रिकामे डबे पाण्यावर तरंगताना दिसतात, त्यांच्यावरून बोट गेली की जाळं पंख्यात आणि मासेवाल्याचे हजारो रुपये पाण्यात. जुन्या बोटींचा वेगच कमी, त्यामुळे हा प्रश्न पूर्वी नव्हता. २०२४ मध्ये मुनावळ्याला शासनाचं जलपर्यटन केंद्र सुरू झालं, तिथं जेट स्की आल्या. पोरांना काम मिळतं, लोकांना मजा येते, मी त्याच्या विरुद्ध नाही. पण ते यंत्र खेळासाठी आखलेल्या पाण्यातच फिरावं, धुण्याच्या काठाला आणि जाळ्यांकडं त्याचं काही काम नाही.

पश्चिमेच्या काठाला उतरायचं तर वनखात्याची परवानगी आधी. १९८५ पासून ते अभयारण्य आहे आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. पावसाळ्यात वासोट्याची वाट बंदच असते. इतर वेळी संध्याकाळच्या आत परत फिरावं लागतं, सामान आणि प्लॅस्टिक तपासलं जातं. ज्या बोटीनं गेलात तीच तुमच्यासाठी पायथ्याला थांबलेली असते. किल्ल्यावरून उशिरा उतरणाऱ्यांना वाटतं, पैसे दिलेत, थांबेल. तो थांबतोच, पण मग त्याला तेवढी वाट अंधारात काढायला लागते, बुंध्यांमधून. गाण्याचा डबा लावू नका हे तर सांगायलाच नको, पण सांगावं लागतं. पाण्यावरून आवाज फार लांब जातो. आमच्या अंगणात बसून मला पलीकडच्या बोटीतल्या नवराबायकोचं भांडण शब्दन् शब्द ऐकू आलेलं आहे.

उन्हाळ्यात काही ठिकाणी जुनी देवळं, ज्योती, पायऱ्या उघड्या पडतात. गावची माणसं तिथं जाऊन नारळ फोडतात. हल्ली बोटींना तिथंही मागणी असते. लोक जोत्यावर चढून फोटो काढतात. काढावेत. एकदा मात्र एका मंडळींनी एका घराच्या जोत्यावर, जिथं चुलीचे दगड अजून होते, तिथं जेवणाची पानं मांडली आणि उष्टं तसंच टाकून निघाले. बोटवाल्यानं ते काहीही न बोलता गोळा करून बोटीत ठेवलं. त्यांतल्या एका बाईंनी विचारलं, "तुमचं घर होतं का हे?" तो म्हणाला, "न्हाई, शेजाऱ्याचं." मग त्या बाई खाली उतरल्या आणि उरलेलं त्याच्याबरोबर वेचायला लागल्या.

तापोळ्याजवळ अहिरच्या बाजूला जायला मोठा पूल बांधायला घेतला आहे. काही वाड्यांपर्यंत डोंगरातून कच्चे-पक्के रस्ते झालेत. पोरांकडं मोटरसायकली आल्या. लाँचला माणसं कमी व्हायला लागली, फेऱ्या कमी झाल्या, मग फेऱ्या कमी म्हणून माणसं आणखी कमी. पूल हवाच. रात्री दवाखान्याला निघालेल्या माणसाला पुलाची किंमत विचारा. पण पूल सगळ्या वाड्यांना नसतो. आतल्या फांद्यांमधल्या पाचदहा घरांच्या वस्त्या आजही बोटीवर आहेत, आणि त्यांच्या काठावरून दिवसभरात जाणाऱ्या बोटींपैकी बऱ्याचशा पाहुण्यांनी पूर्ण भाडं भरून घेतलेल्या.

तिथं हात केला तर काय करायचं, हे मी आमच्या त्या इंजिन बंद करणाऱ्या बोटवाल्याला विचारलं. पाहुण्यांनी बोट घेतलीय, तिच्यात दुसऱ्याला बसवायचं तर त्यांचा हक्क आहेच ना. तो म्हणाला, "इचारायचं. म्हणायचं, आमची म्हातारी हाय, घ्यायची का? आजवर दोन-तीन येळा न्हाई म्हणालीत. तवा मी काय बोललो न्हाई. पावन्यांना सोडून रिकामी बोट घिऊन म्हागारी गेलो, आन् डिझेल माझं."

परवा दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच्या बोटीत होतो. पुण्याचं एक कुटुंब होतं, तीन मुलं. कांदाटीच्या तोंडाशी एका म्हातारीनं पदर हलवला. त्यानं विचारलं, त्यांनी घ्या म्हटलं. म्हातारीबरोबर पाटही होती, ती काही आधी दिसली नव्हती. दावा हातात धरून म्हातारी बोटीच्या मधोमध बसली. मोठ्या मुलीनं विचारलं, शेळीला बोटीला बांधत का नाही. म्हातारीनं तिला सांगितलं. मग बराच वेळ त्या मुलीनंच दावा धरला होता. धक्का येईस्तोवर पाटीनं धाकट्याच्या मांडीवरचं वेफर्सचं पाकीट निम्मं संपवलं होतं, आणि ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.